टेपबाईचं उणे चिन्ह

कारखान्यात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. फाटकावरच्या रखवालदारापासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळ्यांची ती टेपबाई. खाद्यतेलाचा कारखाना होता. मागच्या आवारात सहा गोल टाक्या आडव्या झोपवलेल्या, प्रत्येक तीन मीटर उंच आणि आठ मीटर लांब, आणि कुणाच्या पोटात आत्ता किती तेल आहे हे सांगणारी ही एकटी बाई. कमरेला स्टीलचा टेप, टेपाच्या टोकाला पितळेचं वजन, खिशात पुसायचं फडकं. शिडी चढायची, झाकण उघडायचं, टेप सोडायचा, आकडा वाचायचा, खाली येऊन तक्त्यात त्या आकड्यासमोरचे लिटर बघायचे आणि वहीत लिहायचे. एकोणीस वर्षं हेच काम. त्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने वारा सुटलेला असताना ती शिडी एकदा चढून बघावी.

मोजायची तिथली एक रीत होती. टेप तळापर्यंत बुडवायचा नाही. तळाला गाळ बसतो, वजन गाळावर टेकतं आणि खोटं माप देतं. शिवाय तीन मीटर टेप दर वेळी तेलात बुडवून तो पुसत कोण बसणार? म्हणून वजन तेलाला जेमतेम शिवलं की थांबायचं, आणि टाकीच्या काठापासून तेलापर्यंत किती अंतर आहे ते वाचायचं. त्या अंतराला सगळे नुसतं ‘रिकामं’ म्हणत. “दोन नंबरचं रिकामं किती?” असं खालून कुणीतरी ओरडायचं आणि टेपबाई वरून सेंटीमीटरात सांगायची, “एकशे चाळीस.” बाकीचं तक्ता बघून घ्यायचा.

वहीत दर मापासमोर दोन रकाने होते. ‘माप घेतलं’ या रकान्यात टेपबाईची सही. ‘तपासलं’ या रकान्यात टाकीविभागाच्या प्रमुखाची. आजवर असे तीन प्रमुख आले. तिघेही कॉलेजातून ताजे ताजे आलेले, तिघांनाही शिडी कशी धरायची, झाकण उघडताना तोंड कुठे फिरवायचं, तक्ता कसा वाचायचा हे टेपबाईने शिकवलं. शिकून झालं की ते खाली खुर्चीत बसत आणि परत वर चढत नसत. सह्या मात्र झोकात करत. पहिल्याचं तिला काही वाटलं नाही. दुसऱ्याच्या वेळी थोडं वाटलं. तिसऱ्याला शिकवताना मात्र तिच्या मनात आलं, की च्यायला, हे मी किती दिवस करायचं? हा शब्द ती मोठ्याने कधी बोलली नसती.

म्हणून चाळिशी उलटल्यावर तिने संध्याकाळच्या संस्थेत डिप्लोमाला नाव घातलं. बारा पेपर होते. अकरा सुटले. रसायनाचा सुटला, यंत्रांचा सुटला, ज्याला सगळे घाबरतात तो वाफेचा पेपरही सुटला. अडला तो गणिताचा दुसरा भाग, म्हणजे कॅल्क्युलस. पहिल्या वेळी शंभरात सत्तावीस. दुसऱ्या वेळी एकतीस. पास व्हायला हवेत चाळीस, आणि संस्थेचा नियम असा की तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदा आपटलं की त्या अकरा पेपरांवरही पाणी. इकडे तिसरे प्रमुख दुसरी नोकरी मिळून वर्षाअखेर जाणार होते. मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावून साफ सांगितलं होतं, “डिप्लोमा हातात घेऊन या, खुर्ची तुमची. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल.” म्हणजे चौथ्याला शिडी धरायला शिकवायचं. ते आता तिच्याने होणार नव्हतं.

घरी नवरा होता, घड्याळं दुरुस्त करणारा. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसायचा, त्यामुळे जगाकडे बघतानाही त्याचा एक डोळा कायम बारीक असायचा. तो म्हणाला, “एकोणीस वर्षं रिकामं मोजलंस, माझ्या डोक्याचंही एकदा माप घे. तक्त्याबाहेर जाईल.” एवढं बोलून त्याने सकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. बाईने अभ्यास करावा म्हणून जो माणूस तोंडाने उपदेश न करता पोळ्या लाटतो, त्याची चेष्टा सहन करायला हरकत नसते.

आधीच्या दोन वेळी शिकवायला एक जुने मास्तर होते. त्यांच्या पहिल्याच तासाला टेपबाईने हात वर केला होता. “सर, हा एच म्हणजे छोटासा फरक ना? या ओळीत तुम्ही एचने भागलंत. म्हणजे एच शून्य नाही. आणि खालच्या ओळीत एच शून्य धरून खोडून टाकलात. एच आहे तरी काय नक्की?” मास्तर म्हणाले, “ते असंच असतं. पाठ करा.” वर्गात पंचवीस पोरंपोरी होती, ती हसली. टेपबाईने हात खाली घेतला आणि पाठ केलं. पाठ केलेलं तेवढंच येतं जेवढं पाठ केलंय, त्यामुळे सत्तावीस आले.

तिसऱ्या वर्षी मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक सव्वीस वर्षांचा मुलगा आला. मिशा नीट फुटलेल्या नाहीत, शर्टाच्या बाह्यांना खडू, आणि बोलताना फळ्याशीच बोलल्यासारखा बोलायचा. टेपबाई त्याला सर म्हणायची, तो तिला काकू म्हणायचा, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारला. इतकी वर्षं घशात अडकलेला होता. सरांनी खडू खाली ठेवला आणि ते म्हणाले, “काकू, हा प्रश्न बरोबर आहे. मला दोन दिवस द्या, मी नीट सांगतो.”

दोन दिवस लागलेच नाहीत. उत्तर तिला टाकीवरच सापडलं.

टाकी नव्याने भरली की तेल फसफसलेलं असतं, त्यात हवेचे बुडबुडे असतात. लगेच मोजायचं नाही, चाळीस मिनिटं थांबायचं, असा नियम. ही चाळीस मिनिटं टेपबाईची अभ्यासाची वेळ. टाकीच्या माथ्यावर जाळीची एक अरुंद वाट होती, तिथे पाय सोडून ती पुस्तक उघडायची. त्या दिवशी नियम सोडून तिने मध्ये मध्ये टेप सोडून बघितला. दहा मिनिटांनी रिकामं साठ. वीस मिनिटांनी एकसष्ट. मग साडेएकसष्ट. मग पावणेबासष्ट. बुडबुडे फुटत होते, तेल दबत होतं, आणि दर वेळी सरक आधीच्या निम्मी होत होती. ती मनातच म्हणाली, बासष्ट. टेप अजून बासष्टला टेकला नव्हता. कदाचित अगदी शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत टेकणारही नव्हता. पण वहीत बासष्टच लिहायचं, हे तिला एकोणीस वर्षं माहीत होतं, आणि कारखान्यातल्या कुणीही त्यावर कधी भांडण काढलं नव्हतं.

ती संध्याकाळी वर्गात गेली आणि म्हणाली, “सर, तुम्ही एच शून्य करतच नाही. एच कमी कमी होताना उत्तर कुठे जाऊन बसणार, एवढंच तुम्ही विचारताय.”

 सर म्हणाले, “मी परवा याच्यासाठी तीन पानं लिहून आणणार होतो.”

त्या दिवसापासून टेपबाईच्या अभ्यासाला जी गती आली, ती काही विचारू नका. अर्थात वाट सरळ नव्हती. गणितात जेवढे खड्डे असतात तेवढ्या सगळ्यांत ती एकदा पडली. दोन गोष्टींचा गुणाकार असेल तर प्रत्येकीचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलण्याचा वेग, काढायचा आणि त्यांचा गुणाकार करायचा, असं तिने आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं. सरांनी विचारलं, “एक्सला एक्सने गुणलं तर?” तिने केलं, उत्तर आलं एक. “आणि एक्सचा वर्ग म्हणून केलं तर?” दोन एक्स. तीच वस्तू, आणि दोन उत्तरं. तिने आपल्या हाताने आपली ओळ खोडली आणि पुन्हा कधी ती चूक केली नाही.

दुसरा खड्डा जरा खोल होता. डेरिव्हेटिव्ह घटत चालला की ती लिहायची, राशी कमी होतेय. दर वेळी. सरांनी तीनदा आलेख काढून दाखवला, तीनदा तिने मान हलवली, आणि चौथ्यांदा तेच लिहिलं. शेवटी सर म्हणाले, “काकू, तुमच्या टाकीचं सांगा. अर्धी भरलेली असताना अजून एक सेंटीमीटर चढवायला किती तेल लागतं?”

“दोनशे चाळीस लिटर.” हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

“आणि भरत आली, वर दहाच सेंटीमीटर उरले, तेव्हा?”

“शहाऐंशी. टाकी वर निमुळती होते ना, गोल असते.”

“दोनशे चाळीसवरून शहाऐंशीवर आलो. मग टाकीतलं तेल कमी झालं?”

टेपबाई हसायला लागली. कमी कशाला होईल? तेल चढतच होतं, फक्त दर सेंटीमीटरला आधीपेक्षा कमी भर पडत होती. एवढी साधी गोष्ट, आणि आलेखाच्या रेघेत ती आपल्याला दिसली नाही, याचा तिला स्वतःचाच राग आला आणि गंमतही वाटली. सरांनी वर हेही सांगितलं, की तिच्या तक्त्यातला शेजारच्या दोन ओळींमधला फरक म्हणजे जवळपास डेरिव्हेटिव्हच. म्हणजे जे शिकायला ती शहराच्या या टोकाला येत होती ते तिच्या टेबलावर काचेखाली एकोणीस वर्षं पडलेलं होतं.

इंटिग्रेशनच्या, म्हणजे बदलांच्या बेरजेच्या, शेवटी ‘अधिक सी’ लिहायला ती विसरायची. सगळेच विसरतात. त्यासाठी सरांना काही करावं लागलं नाही. “टँकर ओतायला आला की आधी काय करता?” एवढंच त्यांनी विचारलं. आधी टाकीतलं जुनं माप घेतो, ती म्हणाली, नाहीतर नुसतं किती ओतलं ते कळेल, आत एकूण किती आहे ते कसं कळणार? बोलता बोलताच तिने पेन उचललं आणि वहीतल्या मागच्या सगळ्या उत्तरांपुढे अधिक सी, अधिक सी असं लिहीत सुटली.

इतकं सगळं जमलं, आणि तरीही गाडी एका ठिकाणी अडली, तीही अशा ठिकाणी की हसावं की रडावं कळेना. टाकीचीच गणितं तिला येईनात.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. सरांनी सराव परीक्षा घेतली. टाकी भरण्याची चार गणितं होती आणि चारही चुकली. पायऱ्या बरोबर, आकडे बरोबर, उत्तरापुढे मात्र उणे चिन्ह. पाण्याची उंची मिनिटाला उणे बारा सेंटीमीटरने वाढते, उणे सातने वाढते. सरांनी समजावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार दिली, पुन्हा चारही उणे. तिसऱ्या दिवशी सरांचा तोल गेला. अख्ख्या वर्गासमोर ते म्हणाले, “काकू, टाकी भरतेय हो. भरतेय. पाणी वर येतं की खाली जातं? हे शाळेतल्या पोरालाही कळतं.”

वर्ग हसला. आधीच्या मास्तरांच्या वेळी हसला होता तसाच. टेपबाईने वह्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि घरी आली.

दोन दिवस ती वर्गात गेली नाही. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, “डोकंच नाही मला. बाकी काही नाही. लहानपणी बाबा म्हणायचे तेच खरं.” तिचे वडील म्हणायचे, हिच्या डोक्यात बटाटे भरलेत. चेष्टेत म्हणायचे, पण चव्वेचाळीस वर्षांच्या बाईलाही असलं एखादं वाक्य नेमकं नको तेव्हा आठवतं. नवऱ्याने भिंग काढून ठेवलं. तो म्हणाला, “मागे एक घड्याळ आलं होतं माझ्याकडे, रोज बरोबर चालायचं आणि रोज चुकीची वेळ दाखवायचं. आठ दिवस उघडून बघितलं, आत काही दोष नाही. काटेच चुकीच्या जागी बसवलेले होते. तुझं काय बिघडलंय ते मला माहीत नाही, पण आतलं यंत्र नाही बिघडलेलं.” टेपबाई उठून आत गेली. तिला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

तिकडे सरांनाही चैन नव्हतं. एक तर बोललो ते लागलं असणार, ही टोचणी. दुसरं म्हणजे तिच्या वह्या ते पुन्हा पुन्हा चाळत होते आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसत होती. फुग्याची गणितं बरोबर. भिंतीवरून घसरणाऱ्या शिडीची बरोबर. दिव्याखाली चालणाऱ्या माणसाच्या सावलीची बरोबर. उणे चिन्ह फक्त टाकीत यायचं, आणि टाकीत न चुकता यायचं. ज्याला काही कळत नाही तो अशी शिस्तीत चूक करत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते रखवालदाराकडे नाव नोंदवून कारखान्याच्या मागच्या आवारात येऊन उभे राहिले.

टेपबाई चार नंबरच्या माथ्यावर होती. टँकर लावलेला होता, पंप चालू होता. तिने खाली बघितलं, सरांना ओळखलं आणि जरा अवघडून म्हणाली, “वर या सर. शिडी दोन्ही हातांनी धरा. खाली बघू नका.” सर चढले. चढताना त्यांनी खाली बघितलं आणि चेहरा पांढरा झाला, पण चढले. जाळीवर बसकण मारून ते म्हणाले, “काकू, त्या दिवशी मी जे बोललो...”

“थांबा सर, भरतानाचं कच्चं माप घ्यायचंय.” तिने टेप सोडला. वजन तेलाला शिवलं. “दोनशे दहा,” ती खाली ओरडली. पंपावरच्या माणसाने हात वर केला.

सर बघत होते. थोड्या वेळाने तिने पुन्हा टेप सोडला. “दोनशे चार.” मग, “एकशे अठ्ठ्याण्णव.”

“काकू,” सर हळूच म्हणाले, “टँकर टाकीत ओततोय ना? का टाकीतून उपसतोय?”

“ओततोय की. दिसत नाही का?”

“मग आकडा कमी कसा होतोय?”

टेपबाईने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं एखाद्याने सूर्य कुठून उगवतो विचारल्यावर बघावं. “अहो, रिकामं मोजतोय ना आपण. भरत जाईल तसं रिकामं कमीच होणार.” आणि एवढं बोलून ती थांबली. टेप तिच्या हातात तसाच लोंबकळत राहिला.

सर त्या जाळीवर, तेलाने निसरड्या झालेल्या जागी, पोट धरून हसत होते. पंपावरच्या माणसाला वाटलं पाहुण्याला वरच्या वासाने चक्कर आली, तो पाण्याची बाटली घेऊन धावला. “काकू,” सर डोळे पुसत म्हणाले, “तुम्ही एकदाही चुकला नाहीत. एकदाही. तुमची उंची वरून खाली मोजलेली आहे. ती कमी होतेय म्हणून उणे. उत्तर अगदी बरोबर आहे. फक्त कुठून मोजताय हे तुम्ही कुणाला सांगितलंच नाही.”

“सांगायचं काय त्यात? इथे सगळ्यांना माहीत असतं.”

“इथे असतं. पेपर तपासणाऱ्याला नसतं. तो तळापासून मोजतो.”

टेपबाई जाळीवर बसली.  डोक्यात बटाटे नव्हते तर. “तुमचं चुकलं नाही सर,” ती म्हणाली, “मीही तुमच्या जागी ओरडले असते.” सर म्हणाले, “नाही, माझं चुकलंच. मी उत्तर बघितलं, तुम्हाला विचारलं नाही. माफ करा काकू.” मग दोघांनी मिळून राहिलेली टाकी भरताना बघितली. “एकशे पंचाण्णव,” या वेळी सर खाली ओरडले, आणि पंपावरच्या माणसाने त्यांच्यासाठीही हात वर केला.

घरी जाऊन टेपबाईने गेल्या वर्षीचा उत्तरपत्रिकेचा गठ्ठा काढला. संस्थेतून तिने तो मागवून आणला होता आणि लाजेने उघडूनही बघितला नव्हता. आत टाकीची दोन गणितं होती. दोन्हींत सगळ्या पायऱ्यांवर बरोबरच्या खुणा, आणि शेवटी उणे चिन्हाभोवती लाल गोल. इथे पाच आणि तिथे पाच असे दहा मार्क गेलेले. एकतीस आणि दहा, एकेचाळीस.  गेल्या वर्षीच पास होते मी. तिला संताप आला, चांगला मनापासून आला, आणि त्याच्या मागोमाग असा आनंद आला की तिने नवऱ्याला भिंगासकट ओढून आणलं आणि तो लाल गोल दाखवला. तो म्हणाला, “बघ. काटेच चुकीच्या जागी होते.”

परीक्षेच्या दिवशी तिने कमरेचा टेप घरी काढून ठेवला होता, तरी हात तिकडे जातच होता. खोलीत ओळीने बाकं, तिच्या पुढे आणि मागे तिच्या निम्म्या वयाची मुलं. प्रश्नपत्रिका आली. तिने आधी लिमिटची, म्हणजे त्या एचवाली, सोडवली, मग गुणाकाराची, मग इंटिग्रेशनची, आणि प्रत्येकापुढे अधिक सी लिहिलं, ठळक. पान उलटून पाचवा प्रश्न बघितला आणि तिला लगेच कळलं. शंकूच्या आकाराची टाकी, टोक खाली, खोली तीन मीटर, वरची त्रिज्या दीड मीटर. मिनिटाला अर्धा घनमीटर पाणी आत पडतंय. पाण्याची उंची दोन मीटर असताना पाण्याची पातळी किती वेगाने बदलते?

तिने पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि सगळ्यात आधी एक ओळ लिहिली: ‘उंची टाकीच्या तळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत मोजली आहे.’ त्या ओळीखाली रेघ मारली. मग गणित सोडवलं. आलं मिनिटाला सुमारे सोळा सेंटीमीटर, अधिक. वेळ उरला होता. तिथे थांबली असती तर चाललं असतं, पण एकोणीस वर्षांची सवय गप्प बसू देईना. तिने खाली दुसरी ओळ लिहिली: ‘ताळा. आता तेच अंतर काठापासून खाली मोजू.’ आणि अख्खं गणित पुन्हा, तिच्या पद्धतीने, वरून. आलं उणे सोळा. पाणी सोळाने चढतं, रिकामं सोळाने घटतं. दोन्ही उत्तरं एकमेकांसमोर ठेवून तिने मधे लिहिलं: ‘म्हणजे दोन्ही बरोबर.’ हे कुणी विचारलं नव्हतं. तरी तिने लिहिलं.

निकाल लागला त्या दिवशी ती तीन नंबरवर होती, तेल बसायची वाट बघत. सर स्वतः आले. या वेळी शिडी न घाबरता चढले आणि त्यांनी कागद तिच्या हातात दिला. एक्क्याऐंशी. तिने पुन्हा वाचलं, मग कागद वरून खाली वाचला, मग खालून वर. आकडा तोच होता. “पाचव्या प्रश्नाला?” तिने विचारलं. “पूर्ण मार्क,” सर म्हणाले, “आणि तपासणाऱ्याने मला फोन केला होता. ही बाई कोण आहे म्हणून.” टेपबाईने खाली बघून पंपाच्या दिशेने ओरडून सांगितलं, “एक्क्याऐंशी.” पंपावरच्या माणसाने सवयीने हात वर केला, तक्त्यात एक्क्याऐंशी शोधायला लागला, आणि मग काय ते त्याच्या लक्षात आलं. त्याने शेजारच्या टाकीवर चालू असलेला पंप बंद केला आणि टाळ्या वाजवल्या. बाकीचे कशासाठी ते न कळताच वाजवायला लागले. टेपबाई टाकीच्या माथ्यावर उभी होती, आणि या वेळी तिला सगळ्यांसमोर रडायची लाज वाटली नाही.

वर्षाअखेर मॅनेजरसाहेबांनी शब्द पाळला. खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली, आणि आजपासून यांना मॅडम म्हणा असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ते कुणी ऐकलं नाही, तिलाही ऐकायचं नव्हतं. टेप घेऊन वर चढायला पॅकिंगमधली एक बाई नेमली होती, तिशीची, चपळ. टेपबाईने तिला शिडी शिकवली, झाकण शिकवलं, चाळीस मिनिटं थांबायला शिकवलं. पहिल्या दिवशी त्या बाईने वरून आकडा सांगितला, “दोनशे सहा,” आणि खाली येऊन वहीत सही केली. शेजारचा रकाना रिकामा होता. ‘तपासलं’.

टेपबाईने पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. ती उठली, कमरेला टेप लावला, शिडी चढली, वजन सोडलं. दोनशे सहा. खाली आली तेव्हा नवी बाई जरा घाबरलेली होती. “माझं काही चुकलं का ताई? आधीचे साहेब तर वर येत नसत म्हणे.”

“तुझं बरोबर आहे,” टेपबाई म्हणाली. “तपासलं म्हणून सही करायची तर तपासायला नको?” आणि तिने सही केली, पहिल्यांदाच त्या रकान्यात, सावकाश, अक्षरं नीट काढून.

मग तिने वहीचं पहिलं पान उघडलं. तिथे छापलेलं होतं नुसतं ‘माप’. इतक्या वर्षांत आणखी काही लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती, तिलाही नाही. तिने त्या शब्दापुढे शाईने लिहिलं: ‘काठापासून खाली, तेलापर्यंत’. नव्या बाईने विचारलं, “हे तर सगळ्यांना माहीत असतं ना ताई?”

“असतं,” टेपबाई म्हणाली. “तरी लिहायचं.”